शकुनाचे एकशे एक

३० मार्च २०२५, गुढीपाडवा
आजपासून रोजनिशी. कुणाला वाचायला द्यायची नाही. फक्त स्वतःची शिस्त म्हणून.

'डोंगरची चव' या माझ्या वेबसाइटचं आज उद्घाटन. हरसूलची लंकाबाई आणि तिच्यासोबतच्या दहा बाया नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड करणार, मी ते देशभर विकणार. गिऱ्हाईक ऑनलाइन पैसे भरणार, ते पेमेंट गेटवेवाल्यांकडे जमा होणार, गेटवेवाले दोन दिवसांत माझ्या बँकेत टाकणार. अंबडच्या कंपनीतली अकाउंट्सची नोकरी मागच्या महिन्यात सोडली. सतरा वर्षं दुसऱ्याची व्हाउचरं लावली, आता बास.

नवं दुकान म्हणजे बोहनी दणक्यात हवी. आबांनी किराणा दुकान उघडलं तेव्हा अख्खी भावकी शकुनाचे पैसे गल्ल्यात टाकून गेली होती. ऑनलाइन दुकानाला गल्ला नसतो, म्हणून रीत सोडायची का? फॅमिली ग्रुपवर कळवलं, मुहूर्तावर सगळ्यांनी वेबसाइटवर एकशे एक रुपये भरा, काही घ्यायची गरज नाही. त्रेचाळीस जणांनी पाच मिनिटांत भरले. त्यातले सात मीच, घरातल्या वेगवेगळ्या फोनवरून. मग पेढ्यांचे म्हणून लगेच प्रत्येकाला एकावन्न परत पाठवले.

उज्वला म्हणाली, "अहो, हे जरा विचित्र नाही का दिसत?" तिला यातलं कळत नाही. पतसंस्थेत कॅशियर आहे, बस.

संकल्प: पहाटे पाचला उठणे.

३१ मार्च
आठला उठलो. काल दगदग झाली.

५ एप्रिल
माझ्या लेकीने, सृष्टीने, लंकाबाईच्या पापडाचा रील टाकला. अकरावीतल्या पोरीने केलेला रील दोन लाख लोकांनी पाहिला. पुणे, ठाणे, बंगळुरू, सगळीकडून ऑर्डरी. दिवसभर पुडे बांधतोय. आपली ब्रँडिंगची लाइन बरोबर ठरली. रीलमध्ये मी नाही, पण फोन धरायला मीच सांगितलं होतं.

कंपनीतल्या महेशचा फोन. म्हणाला, "तुझी जागा अजून रिकामी आहे, साहेब विचारत होते." कीव आली त्याची.

११ एप्रिल
गेटवेच्या ॲपवर लाल पट्टी. तुमच्या खात्यावर अनयूज्वल ॲक्टिव्हिटी आढळल्याने पैसे होल्डवर ठेवले आहेत. एकसष्ट हजार, पाडव्यापासूनचे सगळे.

अनयूज्वल आहेच. पहिल्याच पंधरवड्यात इतकी विक्री कोण करतं? त्यांच्या सिस्टिमला सवय नसेल. एका अर्थी कौतुकच आहे. उज्वलाला तसं सांगितलं. ती भाजी निवडत राहिली.

१२ एप्रिल
सपोर्टच्या चॅटवर मनाली नावाच्या बाई भेटल्या. अतिशय नम्र. मी सगळं सांगितलं, लंकाबाई, पापड, नागलीतलं कॅल्शियम. त्यांनी लिहिलं, 'वी अंडरस्टँड युवर कन्सर्न, प्रफुल्ल.' कंपनीत सतरा वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काम होईल.

१५ एप्रिल
अठ्ठेचाळीस तास झाले. मनाली म्हणाल्या, अजून चोवीस ते अठ्ठेचाळीस तास. वरच्यांशी भांडत असणार बिचारी माझ्यासाठी.

१९ एप्रिल
हरसूलला जाऊन आलो. शनिवारच्या आठवडी बाजारात लंकाबाई भेटली. पैशांचं विचारलं. तिचं म्हणणं, या दहा बायांना मी कामाला बोलावलं, त्या माझ्या तोंडाकडं बघतात. एक शब्द चढ्या आवाजात नाही. "कवा देशील ते एकदा नीट सांग, भाऊ," एवढंच. अडतीस हजार द्यायचे आहेत. मी तिला पेमेंट सायकल समजावून सांगितली. तिने ऐकून घेतली आणि पुन्हा विचारलं, कवा?

पुढच्या बाजारी, असं सांगितलं. छातीवर हात ठेवून सांगितलं. तिने आणखी वीस किलो पापड दिले. विश्वास आहे बाईचा. मला तर काडीची शंका नाही.

२६ एप्रिल
हरसूलचा बाजार. गेलो नाही. पाठ धरली होती.

लंकाबाईचे तीन फोन. मीटिंगमध्ये होतो म्हणून घेतले नाहीत. मीटिंग म्हणजे मनालींशी चॅट. पुढे माणूस आहे, मग ती मीटिंगच की.

२८ एप्रिल
अखेर खरं कारण कळलं. मेल आलाय. पाडव्याला एकाच वेळी, एकाच रकमेचे त्रेचाळीस व्यवहार, त्यातले कित्येक एकाच ठिकाणाहून, आणि लगेच अर्धे पैसे परत. याचं प्रयोजन स्पष्ट करावं.

एवढंच? पोटभर हसलो. उज्वला हसली नाही. 'मी म्हटलं होतं' असंही म्हणाली नाही. ते म्हणाली असती तर बरं झालं असतं.

रात्री बसून इंग्रजीत दोन पानी निबंध लिहिला. बोहनी म्हणजे काय, शंभराला एक रुपया वर का जोडतात, पेढ्यांचं महत्त्व, आबांचं किराणा दुकान. पाठवला. वाचून माणूस हेलावलाच पाहिजे.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया
उत्तर आलं. त्रेचाळीस ऑर्डरींची बिलं अपलोड करा.

शकुनाचं बिल मागणारी माणसं. आज सणाचा दिवस, चिडायचं नाही. आमरस खाल्ला. झोपलो.

२ मे
अकाउंट्सचा माणूस आहे मी. बिलांना घाबरतो की काय! त्रेचाळीस बिलं बनवली. प्रत्येकी एक पुडा नागली पापड, तारीख पाडव्याची. सुबक झाली आहेत. सृष्टीने खांद्यावरून बघितलं. "बाबा, हे खोटं आहे ना?" मी सांगितलं, याला बॅकडेटेड डॉक्युमेंटेशन म्हणतात.

५ मे
आता कुरिअरचा पुरावा पाहिजे. माल पोचला का, कधी पोचला.

विचार केला. बिल खोटं आहे, कारण पापड गेले नाहीत. पापड गेले की बिल खरं होतं. सोपं आहे. लंकाबाईचे वीस किलो घरात आहेतच. नातेवाइकांना एकेक पुडा रवाना केला. मोफत. कुरिअरचे पैसे घरखर्चाच्या डब्यातून. उज्वला तेव्हा कामावर होती.

१० मे
भावकीचे फोन सुरू. आत्याचे पापड तुटके निघाले. धाकट्या मावसभावाला तिखट चालत नाही. एकाने विचारलं, अजून दोन पुडे पाठवशील का, घरचंच आहे.

लंकाबाईने विचारलं, वीस किलो इकलं का? गेले म्हणालो. खोटं बोललो नाही.

१३ मे
गेटवेवाले म्हणतात, बिल मार्चचं, कुरिअर मेचं. शिवाय एका ग्राहकाने तक्रार केली आहे की हा व्यवहार मी केलेलाच नाही.

ग्राहक म्हणजे सुनीलदाजी, नामपूरला कांद्याचा व्यापार. ताईचे यजमान, घरातला माणूस. फोन केला. बँकेच्या मेसेजमध्ये एकशे एक रुपये दिसले, कशाचे ते आठवेना, खाली बटण होतं ते दाबलं, म्हणे. "मले काय माहीत तुना धंदा शे ते!" मग विचारलं, पापड अजून शेतस का, म्हणजे आहेत का.

फोन ठेवला. राग यायला पाहिजे होता. वाट बघितली. आला नाही. चहा घेतला.

१४ मे
ॲप उघडलं. होल्ड.

१५ मे
होल्ड.

१६ मे
उघडलं नाही. दुपारी उघडलं. होल्ड.

१८ मे
लंकाबाईचा फोन उचलला. बोलायचं होतं. ती म्हणाली, "भाऊ, पापडाचं ऊन सरत आलं." मी हो म्हणालो. तिच्या मागे बायांचा आवाज येत होता, कुणी तरी हसत होतं. मी म्हणालो, रेंज जातेय. रेंज भरपूर होती.

लाज वाटली. हे लिहून ठेवतो, कारण बऱ्याच दिवसांनी काही तरी वाटलं.

२० मे
नवा प्लॅन. उज्वलाची भिशी या महिन्यात लागली आहे, चाळीस हजार. त्यात सातपूरला छोटं गोडाऊन डिपॉझिटवर घेता येईल. माल नाही, पण जागा असली की माल येतो. तिला प्रेझेंटेशन दिलं. ती म्हणाली, भिशीचे पैसे खर्च झाले. कशावर, विचारलं. "होते एक देणं," म्हणाली.

साडी किंवा फ्रिज असणार. फ्रिज दिसत नाही, म्हणजे साडी. घरातला एक माणूस कंपनी उभी करतोय आणि दुसरा साड्या घेतोय. बोललो नाही. अबोला धरलाय. तिच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

२४ मे
मनालींना लिहिलं की आता तुमचाच आधार आहे. त्यांचं उत्तर आलं, 'वी अंडरस्टँड युवर कन्सर्न, प्रफुल्ल.'

सृष्टी शेजारी बसली होती. म्हणाली, "बाबा, हा बॉट आहे. माणूस नाही." मी म्हटलं, मशीन कधी कन्सर्न म्हणेल का? तिने माझ्या फोनवर टाइप केलं, 'माझी म्हैस हरवली.' तत्काळ उत्तर. वी अंडरस्टँड युवर कन्सर्न, प्रफुल्ल. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास.

पोर हसायला लागली, मग माझ्याकडे बघून थांबली. तेच जास्त लागलं.

तरी मला वाटतं, त्या वेळी मनाली जेवायला गेल्या असतील आणि मशीन लावून गेल्या असतील.

२८ मे
महेशला सहज फोन केला. ती जागा भरली. नवा मुलगा हुशार आहे म्हणे.

सहजच केला होता.

२ जून
गेटवेचा शेवटचा मेल. खातं कायमचं बंद. अडकलेले सगळे पैसे ज्याचे त्याला परत करण्यात येतील.

दोनदा वाचला. ज्याचे त्याला म्हणजे मला नाही. गिऱ्हाइकांना. पुणे, ठाणे, बंगळुरूवाल्यांनी पापड तळून खाल्ले, आता पैसेही त्यांचे. भावकीचे एकशे एकही परत. म्हणजे माणशी एकशे एक, वर पेढ्यांचे एकावन्न, वर पुडाभर पापड. फॅमिली ग्रुपवर मोठ्या काकांनी अंगठा टाकलाय. 'प्रफुल्ल, पुढच्या पाडव्यालाही काढ असंच काहीतरी.'

गिऱ्हाइकांना कळवलं की कृपया पैसे पुन्हा पाठवावेत. एकीने पाठवले. बाकीच्यांपैकी एकाने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

मेलच्या तळाशी होतं, मनालीशी तुमचा संवाद कसा वाटला? पाच तारे दिले. तिची काय चूक!

५ जून
झोपून होतो.

उज्वलाने उशाशी चहा ठेवला. म्हणाली, "लंकाबाईंना तोंडाने सांगून या एकदा. फोनवर नको." अबोला कधी सुटला ते कळलं नाही.

संकल्प: येत्या बाजारी हरसूलला जाणे. सगळं खरं सांगणे. पैसे हप्त्याने देण्याचं वचन देणे. वेळापत्रक बनवले आहे, अठरा हप्ते, सुबक.

७ जून
सकाळच्या एसटीने गेलो. तिकीट फोनवरून काढलं. वाटभर वाक्यं पाठ केली. लंकाबाई, मी तुझा गुन्हेगार आहे, इथून सुरुवात.

बाजार नुकता लागत होता. लंकाबाई नेहमीच्या जागी, चादरीवर पापडांच्या चळती, शेजारी तराजू. मी उकिडवा बसलो आणि गुन्हेगारपर्यंत आलो. ती म्हणाली, "पैसं मिळालं रं भाऊ. तुझी बाई आलती ना गेल्या महिन्यात. समदं दिलं. बायांना वाटून बी झालं." मग म्हणाली, "तुला ठावं नाय व्हय?"

ठाऊक आहे, म्हणालो. बघायला आलो होतो, मिळाले का ते.

उज्वलाने पुढची ऑर्डरही देऊन ठेवली आहे. चाळीस पुडे, पतसंस्थेतल्या बायकांसाठी. पैसे रोख, आगाऊ.

साडी नव्हती ती.

वेळापत्रक खिशातच राहिलं. उगाच पापड हातात घेऊन उजेडात धरून बघितला. लंकाबाई म्हणाली, "घेतोस का? अजून बोहनी नाय झाली. तूच कर." मला बरं वाटलं. लय बरं वाटलं. पाव किलो दे म्हणालो आणि फोन काढला.

ती म्हणाली, "फोनचं नाय चालत आमच्यात. नोट दे." खिसे बघितले. पाकिटात तीन कार्डं आणि 'डोंगरची चव, संस्थापक' अशी व्हिजिटिंग कार्डांची चळत. म्हटलं, पुढच्या बाजारी देतो. तिने पापड माझ्या हातातून घेतला आणि चळतीवर परत ठेवला. रागाने नाही. "बोहनीला उधारी नाय करत, भाऊ. जरा बाजूला हो. पुढचं गिऱ्हाईक दिसत नाय."

बाजूला झालो.

थोड्या वेळाने एक मास्तर आले. पन्नासची नोट दिली. तिने ती कपाळाला लावली, पापडांवरून फिरवली आणि बटव्यात ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ये आता, बस."

थोडा वेळ बसलो. दुपारच्या एसटीने परत.

उज्वलाने विचारलं, झालं का बोलणं? झालं म्हणालो, सगळं क्लिअर केलं. ती बरं म्हणाली. पुढच्या बाजारी तिचे चाळीस पुडे मीच आणायचे आहेत.

संकल्प: खिशात पन्नासची एक नोट ठेवणे.