बाबा, तुमचा फोटो माझा नव्हता

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं आणि पत्र आज लिहितेय, कारण तुमचा फोटो मी चोरला असं ठरलंय. ते खरंच आहे.

तुमच्या एका विद्यार्थ्याने इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात तुमच्यावर पान केलं. नवेगाव बांधच्या भागात फिरून तुम्ही जपलेली धानाची जुनी वाणं, सगळं आलं. चेहरा तेवढा नव्हता. मी भिंतीवरच्या फोटोचा मोबाइलने फोटो काढून चढवला आणि छायाचित्रकार म्हणून खुशाल माझं नाव टाकलं. आपल्याच घरातला फोटो, मग आपलाच की! आठवड्यात काढून टाकला ज्ञानकोशवाल्यांनी: फोटो ज्याने काढला, हक्क त्याचा.

तणतणत मी स्टुडिओत गेले. भिंतीवरचा तो तेरवीचा फोटो करून देणारे, त्यात तुमच्या बनियनवर कोट-टाय चिकटवणारे ते भाऊ. आपल्याकडे मेल्यावर कोट मिळतोच! ते म्हणाले, "साहेब तुमचे, मान्य. पण फोटो मी काढलो ना, ताई! मंग तुमचं नाव काऊन टाकून राहिल्या?"

मग त्यांनी मूळ फोटो दाखवला. रोवणीच्या चिखलात तुम्ही, हातात पऱ्हे, धानाची कोवळी रोपं, आणि हसताय. घरी असे किती वेळा हसलात हो?

सगळ्यांसाठी मोकळा करा म्हटलं, तर नाही म्हणाले. "उद्या कोणीबी खताच्या बॅनरवर छापन साहेबाले!"

उरली एकच वाट. माणूस गेलेला असेल, नवा फोटो मिळणं शक्य नसेल, तर दुसऱ्याच्या हक्काचा फोटो लहान करून, त्याचं नाव देऊन, त्या पानापुरता वापरता येतो. जिवंत माणसाला ही सवलत नाही. त्याचा फोटो कोणीही जाऊन काढू शकतो ना!

कोणीही, बाबा. मीसुद्धा.

शेवटच्या रोवणीला तुमचा फोन आला होता. "बेटा, जुनं वाण साधलं. येतेस का? धानाच्या बांधीत एक फोटो काढून दे." मी म्हणाले, दिवाळीत येते. दिवाळीत तुम्ही दवाखान्यात होतात. पुन्हा विषयही काढला नाहीत. मला रागावायचं तरी होतंत!

त्या सवलतीच्या अर्जात विचारलंय: सर्वांना वापरता येईल असा फोटो का उपलब्ध नाही? 'व्यक्ती हयात नाही' एवढं पुरतं म्हणे. तीन दिवस मला ते लिहवत नाहीये.

आज लिहिते. फोटो चिखलातला, नाव भाऊंचं. आणि त्या प्रश्नाखाली, कोणाला नको असलं तरी, खरं तेच लिहीन, शब्द देते: 'त्यांनी बोलावलं होतं. मुलगी गेली नाही.'

तुमची,
थोरली