सायलीचा कॉर्सेट ब्लाउज

शुक्रवार, अंबरनाथ

आज बोलले ते चुकलंच. रविवारी सायलीचा साखरपुडा, आणि मी माझ्याच लेकीला भर रिक्षात म्हणाले, "हे स्टेजवर नाचणाऱ्या बायकांचं आहे." पैठणीवर घालायला तिने जवळच्या कॅम्प पाच भागातल्या टेलरकडून हौसेने कॉर्सेट ब्लाउज शिवून घेतला होता. आत ताठ पट्ट्या, वर मोती, पाठीवर नाडी. तिने तो परत पिशवीत ठेवला. भांडली असती तर बरं झालं असतं.

म्हणाले ते खोटं नव्हतं. कॉर्सेट असा वरून मिरवायची फॅशन परदेशातल्या रंगमंचावरून आली, असं वाचलंय मी. पण मग कमीपणा कशात होता? त्या बायकांच्या कपड्यात, की माझ्या आवाजात?

घरी सासूबाईंनी पट्ट्या चाचपून पाहिल्या. "अगं, हा तर माझ्या कमरेचा पट्टा. फक्त डॉक्टरांनी माझ्याला मोती लावले नाहीत." सायली हसली. "पण मी आता साधाच घालणार, आजी," म्हणाली.

ती खाली गेल्यावर मी दार लावून तो घालून पाहिला. नाडी पार सैल सोडल्यावर कसाबसा बसला. पण पाठ कशी ताठ झाली! खरं लिहायचं तर मी स्वतःला आवडले. तेवढ्यात सायली परत आली. लपवावंसं वाटलं, तरी दार उघडलं.

"जरा नाडी ओढ गं."

"आई, श्वास आत घे."

"रविवारी तुझी मी ओढीन."

याहून सरळ माफी मला मागता आली नाही. तिने मात्र नाडी चांगलीच करकचून ओढली.