विकासच्या पिकअपला गिऱ्हाईक

शिवडी, २० जुलै २०२५

ती. बुधाजीकाका व काकी यांस,
विकासचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. आजोबा मोबाईलवर मेसेज का करत नाहीत, असं प्रितीने पुन्हा विचारलं. मी तिला सांगितलं की, पंचवीस वर्षं लूमखात्यात वायरमनकी करून त्यांचे कान गेले, गावात रेंज मिळवायला शाळेची टेकडी चढावी लागते, आणि मुख्य म्हणजे मेसेजमध्ये रागवायला जागा पुरत नाही. काकींना हे वाचून दाखवा, त्या माझ्याच बाजूच्या आहेत.

आता मुद्द्याचं. पिकअप विकायची ठरवली आहे. पाठीचं दुखणं तुम्हाला कळवलं होतंच. डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकलीय, आता पेट्या उचलशील तर उद्या पाय धरून बसशील. गोदामातून दादर-लालबागच्या दुकानांत माल टाकायचा तर नुसती गाडी चालवून भागत नाही, उचलावं लागतंच. आमच्या बिल्डिंगखालचा झेरॉक्सचा गाळा रिकामा होतोय. मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहे. पिकअपचे पैसे आले की गाळ्याचं डिपॉझिट भरायचं आणि बसून कमवायचं, असा बेत आहे.

बाजार मात्र थंड आहे. जुन्या गाड्यांचा एजंट जगदीश म्हणाला, डिझेलची असती तर उभ्याउभ्या विकून दिली असती. नव्या इलेक्ट्रिकला मागणी आहे, कंपन्या स्वतःहून मागतात, पण जुनीला कोणी विचारत नाही. इंजिनाचा आवाज ऐकून माणूस डिझेलची किंमत करतो. बॅटरीच्या पोटात काय आहे ते कसं कळणार? शिवाय दरवर्षी जास्त पल्ल्याची नवी गाडी येते. पण आपल्या गाडीची आठ वर्षांची वॉरंटी आहे, त्यातली तीनच संपलीत. जगदीश म्हणतो, त्या कागदावरच गाडी विकली जाईल.

तब्येत सांभाळा. माया-प्रितीचा जयभीम. तुमची माया आहे तशीच राहू द्या.
आपला,
विकास

*

मंडणगड, ३ ऑगस्ट २०२५

चि. विकास यास,
काकाचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून पाठीची काळजी वाटली. मी तुला चाळीतच सांगत होतो की ओझं गुडघ्यात वाकून उचलावं, पण तू पडलास इंग्रजी शाळेचा, आमचं कशाला ऐकशील! विकायचं ठरवलंस ते उत्तम. उगाच पडत्या भावात देऊ नकोस. गाडी विकताना मालकाचा चेहरा पडलेला असला की गिऱ्हाईक आणखी पाडून मागतं.

एक गोष्ट घेणाऱ्याला आवर्जून सांग. डिसेंबरात दादरला आपल्या मंडळाच्या स्टॉलमागे ही गाडी तीन वर्षं उभी राहिली आणि तिच्या बॅटरीवर आपण लोकांचे मोबाईल फुकट चार्ज करून दिले. कुठून कुठून आलेली माणसं, घरी फोन लागेना म्हणून कावरीबावरी व्हायची. ती जोडणी मिलच्या वायरमनच्या हातची आहे, तीन वर्षांत एक फ्यूज उडालेला नाही, हे सांग. त्याचे दोन पैसे जास्तच माग.

गाळ्यात वायरिंग कोणाला करू देऊ नकोस. डिसेंबरात येईन तेव्हा मीच करीन. तुझी काकी म्हणते, कान गेले तरी मिजास गेली नाही. खरंय तिचं.

सुखी राहा. लोभ आहेच, तो वापरत जा.
तुझा,
बुधाजीकाका

*

शिवडी, ३१ ऑगस्ट २०२५

ती. बुधाजीकाका व काकी यांस,
विकासचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आनंदाची बातमी आहे. पिकअप विकली गेली. माटुंग्याच्या एका फुलवाल्याने घेतली. भाव अपेक्षेपेक्षा बरा आला. त्याने बॅटरी तपासली, काही खोट काढली नाही. तुमच्या जोडणीचं सांगितलं तेव्हा तर खूशच झाला.

गाळ्याचं काम चालू आहे. पाठ पुष्कळ बरी आहे. बाकी लिहिण्यासारखं विशेष नाही. प्रितीची बारावीची घाई आहे.

घाईत लिहितोय, राग नसावा. आशीर्वाद पाठीशी असू द्या.
आपला,
विकास

*

शिवडी, २८ सप्टेंबर २०२५

ती. काकांस,
मायाचा सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. गाडी विकल्याच्या आनंदात तुम्ही प्रितीसाठी साडी आणि गाळ्यासाठी काकींच्या हातचं तोरण पाठवलंत. तोरण हातात घेऊन हे नुसते बसून राहिले. मग मला राहवेना.

गाडी विकलेली नाही, काका. माटुंग्याचा फुलवाला कोणी नाहीच. ऑगस्टमध्ये जगदीश खरोखरचं गिऱ्हाईक घेऊन आला होता, माझगावचे गृहस्थ होते. भाव ठरला, पेढे वाटायचे राहिले होते. ते गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तपासायला घेऊन गेले. तिथे बॅटरीच्या पेटीचं सील तुटलेलं सापडलं. आतून बाहेर वायर काढलेली. वर्कशॉपवाल्याने सांगितलं, पेटी उघडली त्या दिवसापासून वॉरंटी रद्द. माझगावकर तिथूनच परत गेले. त्यानंतर तिघं आले. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, वॉरंटी किती उरली? आता जगदीश म्हणतो, भंगाराच्या भावात देणार असाल तर बोला.

हे पट्टा बांधून अजून पेट्या उचलतात. परवा परळच्या पुलाखाली गाडी थांबवून अर्धा तास सीटवर आडवे झाले होते. दिवाळीला तीन आठवडे उरलेत, गाळा हातचा जाणार.

तुम्ही चांगल्याच कामासाठी केलंत, हे मला कळतं. पण काका, मला राग आला आहे आणि तो लपवता येत नाही. पुण्य सगळ्यांच्या वाट्याला आलं, पाठ एकट्याची गेली. मोठ्यांना असं लिहू नये. पण तुम्ही डिसेंबरात गाळ्याचं वायरिंग करायला याल आणि इथे गाळाच नसेल, तेव्हा दारात कळण्यापेक्षा हे बरं. ह्यांना काही कळू देऊ नका.

चूकभूल पोटात घालावी.
तुमची सून,
माया

*

मंडणगड, १२ ऑक्टोबर २०२५

चि. विकास यास,
काकाचा जयभीम व आशीर्वाद.

तुझी गाडी चांगल्या भावात गेली, आनंद आहे.

यंदा डिसेंबरात माझं येणं होणार नाही. गुडघे साथ देत नाहीत. स्टॉलवर सांग, म्हातारा थकला. गाळ्याचं वायरिंग लायसन असलेल्या माणसाकडून करून घे. आमचं ज्ञान जुनं झालं. मिलमध्ये जे चालायचं ते आजच्या यंत्रांना चालत नाही. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला!

एस.टी.ने येणाऱ्या तानाजीबरोबर हत्यारांची पिशवी पाठवली आहे. टेस्टर, पक्कड, क्रिंपिंगचं यंत्र, सगळं आहे. मला त्यांचा आता उपयोग नाही. कोणा गरजू पोराला दे, नाहीतर वजनावर विक.

पाठीला जप. पेट्या उचलू नकोस, मी हात जोडतो.

खुशाली कळवत जा, तेवढं पुरे आहे.
तुझा काका,
बुधाजी

*

शिवडी, २६ ऑक्टोबर २०२५

ती. बुधाजीकाकांस,
विकासचा जयभीम. वि. वि.

पिशवी मिळाली. उघडून पाहिली आणि कळायचं ते कळलं. पेट्या उचलू नकोस असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे मी अजून उचलतो हे तुम्हाला कळलंय. मायाला विचारलं. तिने पत्र लिहिल्याचं कबूल केलं. तिच्यावर रागावलो नाही, तिला अर्धीच गोष्ट ठाऊक होती. उरलेली अर्धी आज लिहितो.

गाळा गेला. पाडव्याला तिथे दुसऱ्याने दुकान मांडलं. गाडी अजून माझ्याकडेच आहे. पण त्यासाठी हे पत्र नाही.

पहिल्या वर्षीचा तो दिवस आठवा. स्टॉलचा जनरेटर बंद पडला होता. तुम्ही गाडीच्या बॅटरीच्या पेटीजवळ बसलात, हत्यारांची पिशवी उघडलीत. पेटीवर लाल इंग्रजी अक्षरांची पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर बोट ठेवून तुम्ही मला विचारलंत की इथे काय लिहिलंय, वाचून सांग. मी तळहातावर लिहून दाखवलं की ओल्या हाताने हात लावू नये.

ते तिथे लिहिलेलं नव्हतं, काका. हे सील तोडल्यास वॉरंटी रद्द होईल, असं स्वच्छ लिहिलं होतं. मी वाचलं होतं. पण मंडळाची माणसं भोवती उभी होती, आणि मिल बंद झाल्यापासून तुमच्या चेहऱ्यावर तसं तेज मी पाहिलं नव्हतं. नाही म्हणायला जीभ रेटेना. वाटलं, कोणाला कळणार आहे! भीड भिकेची बहीण म्हणतात, ती अशी घरी आली.

तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून दोन्ही हात टॉवेलला कोरडे पुसलेत, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, आणि मगच पट्टी तोडलीत. ते मला रोज दिसतं. पुढे पहिल्याच सर्व्हिसिंगला वर्कशॉपवाल्याने वॉरंटी गेल्याचं सांगितलंही होतं. तरी पुढची दोन्ही वर्षं मी गप्प राहिलो, आणि जुलैच्या पत्रातही वॉरंटी आहे असंच तुम्हाला लिहिलं.

जोडणीत काही खोट नव्हती. वर्कशॉपचा मेकॅनिकसुद्धा म्हणाला, काम पक्क्या हाताचं आहे. दोष माझा आहे आणि तुम्ही तो गावी बसून आपल्या अंगावर घेतलात. पिशवी कोणाला दिलेली नाही. डिसेंबरात या. वायरिंगसाठी नको, मला चार शिव्या द्यायला या.

माझ्यावर माया ठेवा असं लिहायची सवय आहे, आज लिहवत नाही.
विकास

*

मंडणगड, ९ नोव्हेंबर २०२५

चि. विकास यास,
काकाचा जयभीम.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. काकीला वाचून दाखवायला दोन दिवस लागले.

संपानंतर मिलने मला परत घेतलं, तेव्हा तुला इंग्रजी शाळेत घालायचा हट्ट माझा होता. तुझा बाप नको म्हणत होता. मी ओव्हरटाइम करून तुझी फी भरली. घरात एक तरी माणूस असा हवा की ज्याला साहेबाचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागू नये, असं मला वाटे. कोर्टाचा, मिलचा, दवाखान्याचा कागद आला की मी तुझ्यापुढे धरायचो. तू सांगशील ते खरं. चाळीत मी छाती काढून सांगायचो, आमचा विकास वाचतो.

त्या दिवशी तू नाही म्हणाला असतास तर मला वाईट वाटलं असतं. चहा पिऊन होईपर्यंत वाटलं असतं. तेवढंच.

गाडीचं मनाला लावून घेऊ नकोस. भंगारात गेली तर जाऊ दे, पण तुझी पाठ राहू दे. इथे भातशेतीचा तुकडा विकून काही करता येईल का, ते काकीशी बोलतो आहे. मायाला सांग, तिचं पत्र खरं होतं म्हणून मला आवडलं.

पाच डिसेंबरला सकाळी येतो. स्टॉलवर पाणी वाटीन. मला कानाच्या मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय, त्यांचे कागद इंग्रजीत आहेत, ते बरोबर आणतो. या वेळी ते प्रितीकडून वाचून घेईन.

राग नाही. लोभ होता तिथेच आहे.
तुझा काका,
बुधाजी