दोन काळे रीळ

मंगळवार, ता. ४
आधी आली शेजारची शिंपीण. तिच्या मागोमाग तिची नणंद — कापडगिरणीत रंग तपासते ती! दात जरा पुढे आहेत, पण बाई सोन्यासारखी. चहाला आधण ठेवते तोवर बातमी फोडली : 'रंगखात्यात मुलगी हवी आहे, तुमच्या नातीला पाठवा.' आमची भिंगरी! शाळा संपून दोन वर्षं झाली, एक काम टिकेल तर शपथ. सोमवारी परीक्षा. चाळीस दोरे पुढ्यात टाकतात, एका रंगाच्या जोड्या लावायच्या. एक चुकली की घरी! मी म्हटलं, तयारी माझ्याकडे. तीस वर्षं त्याच गिरणीत कापड तपासलंय, गंमत आहे का!

बुधवार, ता. ५
शिवणाचा डबाच ओतला पुढ्यात. काय हात चालतो पोरीचा! पिवळे चार प्रकारचे, चारही अचूक. आनंदाने मला जेवण गेलं नाही.

गुरुवार, ता. ६
आज घोडं अडलं. दोन काळे रीळ, तर ही वेगवेगळे ठेवते! 'आजी, हा गडद निळा आहे.' निळा? डोळे काय शेजारी ठेवून आलीस? दहादा लावायला लावले. दहादा वेगळे! सून म्हणाली, 'आई, पुरे आता, रडेल ती.' रडू दे. गिरणीत कोण डोळे पुसायला बसलंय?

शुक्रवार, ता. ७
बोलत नाही माझ्याशी. जेवली मात्र व्यवस्थित.

शनिवार, ता. ८
लावले! दोन्ही काळे शेजारी शेजारी. तोंड एवढंसं करून, पण लावले. जिंकले मी!

रविवार, ता. ९
शिंपीण दोरा मागायला आली. 'गडद निळा असेल ना, आजी?' म्हणत डब्यात हात घातला आणि त्या दोन काळ्यांतलाच एक उचलला! मी म्हटलं, अगं, काळा आहे तो. 'काळा? काहीतरीच तुमचं!'

दोन्ही रीळ उन्हात धरले. चष्मा पुसला. डोळे चोळले. मला दोन्ही काळेच.

खोट माझ्या नजरेत आणि बोलणी खाल्ली पोरीने! लगेच सांगितलं, भिंगरे, तुझंच बरोबर होतं गं, मीच चुकले. रागावली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, 'आजी, आता मलाही दोन्ही काळेच वाटायला लागलेत.'

उद्या परीक्षा! काय करून बसले मी हे?

सोमवार, ता. १०
नऊला गेली. म्हटलं, माझं एक अक्षर आठवू नकोस. 'बघते,' म्हणाली. बघते म्हणजे काय? दोनदा दूध उतू गेलं. चार वाजले — अजून पत्ता नाही. सून दाराशी, मी खिडकीशी. एकमेकींकडे बघत नाही.

मंगळवार, ता. ११
काल दिवेलागणीला आली ती 'निकाल उद्या' एवढंच सांगून झोपली. आणि आज — चाळीसच्या चाळीस बरोबर!! नणंद स्वतः सांगायला आली, शिंपिणीला घेऊन. काळे नि निळे हातात धरून पोरगी खिडकीच्या उजेडात गेली म्हणे, मग चटकन वेगळे केले. आणि आजीला काळा-निळा ओळखू येत नाही, अशी माझी चहाडीही करून आली! परवा, गुरुवारी आठला दोघी परत येणार आहेत — नणंद भिंगरीला कामावर न्यायला, शिंपीण मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.