थंड खोलीतली झोप

६ मे, जळगाव
आज धरणगावकडचं गाव. उन्हाळ्यासाठीची योजना कागदावर आहे की जमिनीवर, ते बघून मार्क द्यायचे, एवढंच माझं काम. ग्रा.पं.च्या हॉलमध्ये ‘थंड खोली’: दोन कॉट, माठ, मोठा कूलर. ऊन लागलं की कुणीही येऊन पडावं. बाहेर डोळे उघडवत नव्हते, आत खसचा वास. सरपंच नाना म्हणाले, “बठ्ठं तयार शे, मॅडम.” जेवायला आमरस आणि मांडे. नको नको म्हणत भरपूर खाल्लं. मग “जरा पडा” म्हणाले, तर पडलेच. घोरले म्हणे (ड्रायव्हरची बातमी). दहापैकी नऊ. एक उगाच कापला, नाहीतर खोटं वाटतं.

८ मे
उन्हाचे रुग्ण विचारायला त्या गावच्या आशाताईंना फोन केला.
“एकच, मॅडम. हॉलशेजारच्या अक्कांची लेक मनीषा बाळंतपणाला आलीय, तिचं तान्हं. परवा दुपारी तापानं फणफणलं. कूलर नव्हता ना घरात.”
“का नव्हता?”
“तुमच्याकडे होता.”
खोलीचा कूलर मंजूर आहे, आलेला नाही. म्हणून नानांनी शेजारच्या अक्कांचा आणला, तपासणीपुरता. फसवायचं कुणाच्या मनातही नसणार. पाहुणे यायचे म्हटलं की गाद्या, ताटं, खुर्च्या शेजारून येतातच, आमच्या घरीही. आणि पाहुणी कोण, तर मी. ते पोर तापत होतं तेव्हा मी पोट भरून त्याच्याच कूलरच्या वाऱ्यात घोरत होते. लाज वाटतेय, दुसरं काही नाही.

९ मे, धुळे
मीटिंग. साहेब खूश. “हेच गाव नमुना म्हणून पुढे पाठवू.” म्हटलं, सर, एक दुरुस्ती होती. कूलरचं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “शून्य केलंत तर पुढच्या वर्षी त्यांना काहीच मिळणार नाही. ठरवा. मंगळवारी अहवाल.” मग सगळ्यांनी चहा घेतला. मीही. तपासणीला आधी कळवून गेलं की गाव कसं दिसतं, हे मला आजच कळलं असं थोडंच आहे? त्याबद्दल मात्र तोंड उघडलं नाही. भित्री.

११ मे
राहवेना. सकाळी नानांना फोन केला, बाळाला बघायला येते, बाकी काही नाही. दुपारी पोचले. अक्कांच्या घरात भट्टी. मनीषा बाळाला ओल्या फडक्यात घेऊन पुठ्ठ्यानं वारा घालत होती. खिडकीपाशी कूलरची जागा रिकामी.
“अक्का, कूलर?”
“पंचायतमा. परत तपासनी शे ना, म्हनीसन नाना लई गया.”
हॉलमध्ये गेले. कूलर फुल्लवर. खोलीत माणूस नाही. नानांवर ओरडले, चारचौघांत. त्यांचा चेहरा उतरला. “तुम्ही एवढ्या उन्हात येणार, मॅडम. पाव्हना येस तं देनंच पडस.” बरोबरच होतं त्यांचं. न कळवता जाता आलं असतं मला, पण फोन करायची खोड. पुन्हा तेच केलं मी, आणि या वेळी तर माया दाखवायला.
कूलर परत नेला, एक बाजू मी धरली. बाळाचा ताप उतरलाय म्हणे, पण अंग लालभडक. निघताना अक्कांनी विचारलं, “पुढला सालले खोलीले कूलर भेटी ना, मॅडम?” मी म्हटलं, “बघते.” बघते! ऑफिसात ज्याला टाळायचं असतं त्याला हेच म्हणतो आम्ही.

१२ मे
अहवाल आज. नऊ खोडलं. शून्य लिहिलं, तेही खोडलं. शून्य दिलं तर शिक्षा त्यांना, नऊ दिलं तर बक्षीस मला. तपासणीच चुकली, असं लिहायला कुठे जागाच नाही. साहेबांचे दोन फोन, उचलले नाहीत.
आत्ता मनीषाचा मेसेज आला. कूलरसमोर झोपलेल्या बाळाचा फोटो, खाली एवढंच:
“पुन्हा या मॅडम. फक्त आधी कळवू नका.”