आजोबांची वळलेली मान

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा घड्याळदुरुस्ती (दुकान बंद), माझ्या माघारी काय व्हावे ते आज स्वखुशीने लिहून ठेवत आहे. डोके शाबूत असल्याचे डॉक्टरांनी कालच तपासले. हात थरथरतात, पण हातांनी विचार करण्याची मला सवय नाही.

१. या घराचा माझा निम्मा हिस्सा वहिनींना, त्यांच्यानंतर पुतणीला. जिन्याची तिसरी पायरी करकरते. ती दुरुस्त करू नये. कोण आले-गेले ते वहिनींना त्यावरून कळते.

२. चिमटे, पेचकस आणि डोळ्याचे भिंग समोरच्या चष्मेवाल्याला. बावीस वर्षे त्याने भिंग उसने नेऊन परत आणले. आता परत आणू नये.

३. एक सोडून माझे सर्व निवडुंग आमच्या निवडुंग मंडळाला. अध्यक्षांच्या हाती मात्र एकही पडू नये. एका प्रदर्शनात त्यांनी 'कुंडी अस्वच्छ' म्हणून माझे दोन गुण कापले. कुंडी स्वच्छ होती.

४. आता 'आजोबा'. अंगभर पांढरे केस असलेला हा निवडुंग माझ्या थोरल्या भावाने, दादाने, बी पेरून वाढवला. प्रदर्शनात नऊ वर्षे त्याचा पहिला नंबर, माझ्या झाडाचा दुसरा. सहा वर्षांपूर्वी दादा इस्पितळात होता. झाडांना पाणी घालायला वहिनींनी मला काचघराची किल्ली दिली. मंडळाचा नियम असा की झाड निदान सहा महिने स्पर्धकाच्या मालकीचे हवे. मी दादाच्या नावाचे लेबल उपटले, माझे खोवले, दाढीच्या ब्रशने आजोबांचे केस झाडले आणि करंडक घरी आणला.

त्याच संध्याकाळी दादाने विचारले, "काय रे, कुणाचा नंबर?"

"तुझाच की, दादा. आजोबांनी लाज राखली."

"आणि तुझा?"

"ठरलेला. दुसरा."

उशीवरची मान त्याने हळूहळू माझ्याकडे वळवली. तिसऱ्या दिवशी गेला. मान तशीच होती.

निवडुंग उजेडाकडे झुकतो. हा तेव्हापासून माझ्या खुर्चीकडे झुकतो. खिडकी एका बाजूला, खुर्ची दुसऱ्या. कुंडी फिरवली की महिन्याभरात शेंडा पुन्हा माझ्याकडे. खुर्ची हलवली, तर खुर्चीमागोमाग. डोळ्यांना न दिसणारे सरकणे ओळखण्यात माझा जन्म गेला. मला भास झालेला नाही. पुतणी म्हणते, "काका, याच्यावर काहीतरी झाका हो, हा बघतो!" वहिनी मात्र रोज त्याच्याशेजारी बसून भाजी निवडतात.

गेल्या महिन्यात मी त्याची कुंडी बदलली. वरचे लेबल उन्हाने पुसते, म्हणून जुनी माणसे दुसरे लेबल मातीत पुरून ठेवतात. लबाडी करताना मला नेमका त्याचा विसर पडला होता. मुळांच्या गुंत्यात ते निघाले. शिसपेन्सिलीचे अक्षर दादाचे: 'आजपासून धाकट्याचे.' तारीख त्या प्रदर्शनाच्या आठ महिने आधीची.

म्हणजे झाड माझेच होते. मी चोरले काहीच नव्हते. फक्त उत्तर खोटे दिले. नंबर धाकट्याचा आला, एवढे ऐकायला तो थांबला होता.

५. आजोबा पुतणीला. ती भिते, म्हणून त्याला सरळ करून देणे माझ्याकडे लागते. सही करण्याआधी मी खुर्चीत बसून हे सर्व मोठ्याने वाचणार आहे आणि दादाला खरे उत्तर देणार आहे. तरीही मान वळलेलीच राहिली, तर पोरीच्या गळ्यात ते ओझे घालू नये. झाड माझ्याबरोबर न्यावे.

६. करंडक सहा वर्षे पलंगाखाली गुंडाळून पडला आहे. तो बाहेर काढावा.

सही: धाकटा घड्याळजी
ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: यंदाच्या प्रदर्शनाचा आदला दिवस, दुपारी चार

साक्षीदार १: डॉक्टर. सही करणारा पूर्ण शुद्धीत होता.

साक्षीदार २: मंडळाचा चिटणीस. "दादा, नंबर माझा आला होता," असे म्हणून त्यांनी माझ्यासमोर सही केली. या झाडाला मी अनेकदा गुण दिले आहेत, त्यामुळे जे मोजले ते लिहितो. वाचनापूर्वी शेंडा खुर्चीकडे दोन बोटे कललेला. सहीनंतर सरळ. त्याच वेळी जिन्याची तिसरी पायरी करकरली. घरात ते, वहिनी, डॉक्टर आणि मी असे चौघेच होतो, आणि चौघेही याच खोलीत. मी दार लावायला उठलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "राहू द्या उघडं. जाऊ दे त्यांना."