रेडिएटर धुणं हे दोघांचं काम

प्रिय आजीबाई,

नवीन पदावर रुजू होऊन तुला पाच महिने होत आले, तेव्हा मायना बदलायला हरकत नसावी. रविवारी फोनवर तू विचारलंस, तिकीट पुढे ढकलून आणखी वर्षभर राहू का, आणि मी म्हणालो, रहा की, तेवढाच टीव्हीचा रिमोट माझ्या हाती. सगळे हसले. सगळे म्हणजे लेक, जावई, जावयाचा कुणी मित्र जेवायला आला होता तो, आणि आवाजावरून नातूसुद्धा. तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर. बायकोशी दोन शब्द बोलायचे तर सोसायटीच्या सभेत उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि सभेत मी काय करतो ते तुला माहीत आहे. महिनाअखेरीस तिकिटाचं काय ते ठरवायचंय म्हणालीस. त्याचं उत्तर देतो, पण आधी गाडीचं सांगतो.

गाडी तापायला लागली होती. भाजी आणायला गेलो की सिग्नलपाशी तापमानाचा काटा हळूच वर सरकायचा. तुला विमानतळावर घ्यायला यायचं आणि वाटेत वाफा सोडत उभं राहायचं, वर तुझं ते काहीही न बोलता खिडकीबाहेर बघणं सोसायचं, हे नको म्हणून रेडिएटर धुऊन काढायचा बेत मी त्या फोनच्या आधीच केला होता. फोननंतर खरं तर बेत रद्द करायला हवा होता. पण त्यात भरायचं कूलंट आणलेलं होतं, आणि दुपारभर करायचं तरी काय. पेपर दोनदा वाचून झाला होता. निधनवार्तासुद्धा.

तर इंजिन गार असताना झाकण उघडलं, खाली तुझा कपडे भिजवायचा टब लावला (नवा आणून ठेवलाय, ओरडू नकोस) आणि खालचा नळ सैल केला. बाहेर जे आलं ते पाणी म्हणवत नव्हतं. तपकिरी, गाळासकट, गंजाचा वास. गेली तीन वर्षं मी गाडी बाहेरून पुसत होतो आणि आत हे शिजत होतं. हे कूलंट चवीला गोड असतं म्हणे, मांजरं चाटतात आणि मरतात. म्हणून थेंबही सांडू न देता सगळं कॅनमध्ये भरलं आणि गॅरेजवाल्याकडे पोचवलं. आपल्या सोसायटीतला तो बोका मला बघून फिसकारतो, तरी. मग साधं पाणी भरायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा सोडायचं. असं करत करत दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी स्वच्छ आलं. मला इतका आनंद झाला की कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. टबातलं पाणी. मी ते थोडा वेळ एकट्यानंच बघितलं आणि ओतून दिलं.

खरी पंचाईत त्यानंतर. नवं कूलंट भरलं की आत अडकलेली हवा काढावी लागते. एकानं गाडीत बसून ॲक्सिलरेटर हलकासा दाबून ठेवायचा, दुसऱ्यानं झाकणापाशी उभं राहून बुडबुडे बघायचे आणि पातळी उतरली की भर घालायची. याआधी दर वेळी तू बसायचीस, मांडीवर मासिक घेऊन, दर पान उलटताना झालं का, झालं का करत. या खेपेला मी पेडलवर तुझी जुनी इस्त्री ठेवली. इंजिन असं किंचाळलं की सगळ्या गॅलऱ्यांत माणसं आली. मदतीला कुणी उतरलं नाही. दातांच्या डॉक्टरांना मी सभेत म्हणालो होतो की तुमच्या मशिनपेक्षा तुमचं बिल जास्त दुखतं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मॅनेजरसाहेबांच्या गाण्याबद्दल काय म्हणालो होतो ते तू ऐकलंच आहेस, घरी येईपर्यंत हसू दाबून धरत. ही माणसं माझ्याशी बोलायची ती तुझ्यामुळे, हे मला तू गेल्यावर कळलं. पायऱ्यांवर भेटले की विचारतात, वहिनी कधी येणार? मी म्हणतो बघू. मग ते पुढे जातात.

शेवटी तुझ्या आईंना बोलावलं. दोन गल्ल्या पलीकडून त्या चालत आल्या, पर्स घेऊन, ठेवणीतली साडी नेसून. गाडीत बसायचं म्हणजे कुठेतरी जायचंय असा त्यांचा समज. ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, चप्पल काढायला लावली, म्हटलं पेडल दाबून हा इंजिनाच्या वेगाचा काटा दोनावर ठेवा, बस. हीटर पूर्ण चालू, बाहेर ऊन. म्हणाल्या, "जावईबापू, मला वाफवून खाणार आहात का?" पण पाय हलू दिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या स्टिअरिंगपाशी बसल्या होत्या आणि समोर भिंत असूनही रस्त्याकडे बघावं तसं बघत होत्या.

आता खरं लिहितो. त्यांना मी फक्त पायासाठी बोलावलं नव्हतं. बुडबुड्यांकडे बघत बघत म्हटलं, आई, तुम्ही तिला फोन करा, म्हणा हल्ली बरं वाटत नाही, गुडघे धरतात, येऊन जा. तुम्ही म्हणालात तर ती लगेच निघेल. इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसेल असं वाटलं. मग तिथूनच म्हणाल्या, "माझे गुडघे ठणठणीत आहेत. आत्ता कुणाचा पाय पेडल दाबून बसलाय? एकटं तुम्हाला वाटतंय ना, मग तुम्ही सांगा. माझं म्हातारपण पुढे करू नका." मग जरा खालच्या आवाजात, "मलाही वाटतं. पण मी आई आहे, मी मागायचं नसतं. तुम्हाला मागता येतं." मी कूलंटची बाटली उचलून भर घालत राहिलो. बुडबुडे थांबले होते, तरी घालत राहिलो, थोडं सांडलंही. मग त्यांना घरी सोडून आलो, लांबच्या रस्त्यानं. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही.

म्हणून हे पत्र, स्पीकरवर लावता येणार नाही असं. लेकीला तुझी मदत होते, नातू तुझ्याशिवाय झोपत नाही, सगळं मान्य. इकडे तुझ्या आई उत्तम आहेत, माझा रक्तदाब आणि साखर जागेवर आहेत, कामवाली वेळेवर येते, स्वयंपाक जमतो. तुला बोलवायला माझ्याकडे एकही कारण उरलेलं नाही. तरी ये. वर्षभर राहू नकोस, आहे त्याच तिकिटावर ये. हे वाचून तू नेहमीसारखी यातला टोमणा शोधशील. पुन्हा वाचलंस तरी सापडणार नाही.

तुझी वाट बघणारा,
तुझाच